‘हे खरे आहे की…’ : वैवाहिक दावे चालवणाऱ्या न्यायाधीशांस खुले पत्र

प्रति,
माननीय मुख्य न्यायमूर्ती, मुंबई उच्च न्यायालय, आणि महाराष्ट्रातील कौटुंबिक न्यायालयांचे व वैवाहिक अर्ज चालवणाऱ्या दिवाणी न्यायालयांचे (वरिष्ठ स्तर) सर्व माननीय न्यायाधीश यांस,

विषय : क्रूरतेच्या कारणावरून दाखल होणाऱ्या घटस्फोटाच्या अर्जांत पुरावा नोंदवण्याची पद्धत

सविनय नमस्कार.

मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी वकिली करते आणि गेल्या दोन दशकांत माझ्याकडे आलेले बहुतेक दावे नवरा-बायकोंचे आहेत. हे पत्र कोणत्याही निकालाविरुद्धची तक्रार म्हणून लिहिलेले नाही, कारण निकाल बहुधा दप्तरी आलेल्या पुराव्याला धरूनच असतो. माझे म्हणणे त्याच्या आधीच्या टप्प्याबद्दल आहे, म्हणजे साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जे बोलले जाते ते कागदावर उतरेपर्यंत त्याचे काय होते याबद्दल.

ज्या दाव्यामुळे हे लिहिण्याची वेळ आली तो निकाली निघाला असून अपिलाची मुदतही संपली आहे. अर्जदार बाईंची परवानगी मी घेतली आहे, आणि हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ प्रमाणे अशा कामकाजाची गुप्तता पाळणे बंधनकारक असल्याने ओळख पटेल असा प्रत्येक तपशील गाळला आहे. राहिलेली हकीकत थोडकी आहे. तिच्या मनगटाचे हाड मोडले होते, आणि त्या रात्री नवऱ्यानेच तिला सरकारी रुग्णालयात नेले होते. केसपेपरवर नोंद आहे, ‘घरात पाय घसरून पडल्याने’. उलटतपासात तिला विचारण्यात आले, “डॉक्टरांना तुम्हीच पडल्याचे सांगितले ना?” ती म्हणाली, “हो, सांगितलं. हे बाजूलाच उभे होते, मी दुसरं काय सांगणार?” जबानीत उतरले ते एवढेच : ‘हे खरे आहे की, मी डॉक्टरांना घरात पाय घसरून पडल्याचे सांगितले.’ मी उभी राहून उत्तराचा उरलेला भागही नोंदवावा अशी विनंती केली, तेव्हा तो फेरतपासात, म्हणजे उलटतपासानंतर मला पुन्हा प्रश्न विचारता येतात तेव्हा, विचारा असे सांगण्यात आले. फेरतपासात ती तेच पुन्हा बोलली, पण तोवर ती ‘मागाहून सुचलेली सारवासारव’ झाली होती. विरुद्ध बाजूचा तसा युक्तिवाद निकालपत्रात मान्य झाला आणि अर्ज नामंजूर झाला. निकालाची प्रत वाचून दाखवल्यावर तिने मला विचारले, “मॅडम, मी ते तेव्हाच बोलले होते ना?”

ती तेव्हाच बोलली होती. ते कुठे गेले, हे मला तिला सांगता आले नाही.

कायदा इतका कठोर नाही, हे आपल्यापुढे मांडणे म्हणजे सूर्यापुढे काजवा धरण्यासारखे आहे, पण पुढचा मुद्दा त्यावरच उभा असल्याने थोडे लिहिते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात क्रूरता हे सुरुवातीला केवळ न्यायिक विभक्ततेचे (लग्न न मोडता वेगळे राहण्याचे) कारण होते, आणि तेही जोडीदाराबरोबर राहणे अपायकारक ठरेल अशी रास्त भीती वाटण्याइतकी ती असेल तरच; १९७६ च्या दुरुस्तीने ती कलम १३ मध्ये घटस्फोटाचे कारण म्हणून आली आणि भीतीची ती अट शब्दांतून गळाली. त्याच्या आदल्याच वर्षी, मार्च १९७५ मध्ये, पुण्यात सुरू झालेल्या दास्ताने विरुद्ध दास्ताने या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाचे न्या. यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी स्पष्ट केले होते की वैवाहिक दावा हा दिवाणी दावा आहे, त्यात क्रूरता फौजदारी खटल्यासारखी निःसंशय सिद्ध करावी लागत नाही, आणि दोन्ही बाजूंच्या संभाव्यता तोलून पारडे जिकडे झुकते तिकडे न्यायालयाने जावे. १९८८ च्या शोभा राणी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने छळ करण्याचा हेतू सिद्ध करण्याची गरजही बाजूला ठेवली. २००७ च्या समर घोष प्रकरणात मानसिक क्रूरतेची उदाहरणे देताना सगळ्या संसाराकडे एकत्र पाहा, सुट्या प्रसंगांवर जाऊ नका, असे बजावले, आणि त्याचबरोबर संसारातली रोजची कुरबुर म्हणजे क्रूरता नव्हे हेही सांगितले. ही चौकट मला रास्त वाटते. तिच्यात बदल करा, अशी माझी मागणी नाही.

शोभा राणी प्रकरणातील एक बाब मात्र मी नेहमी आठवते. तिथला पती डॉक्टर होता, आणि आपल्या आईवडिलांनी काही हजार रुपये मागितले त्यात आपल्याला काही गैर वाटत नाही, असे त्याने स्वतःच पत्नीला पत्रातून लिहून कळवले होते. ते पत्र दप्तरी असूनही खालच्या न्यायालयांनी पत्नीलाच अतिसंवेदनशील ठरवले, आणि सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर तिला घटस्फोट मिळाला. विरुद्ध बाजूच्या हस्ताक्षरातला कबुलीजबाब हाती असताना ही तऱ्हा, तर ज्या घरात कोणी कोणाला पत्र लिहीत नाही, जिथे मागणी जेवणाच्या ताटावर तोंडी होते आणि नकार दिला की ताट उचलले जाते, तिथल्या बाईने काय दाखवावे?

आमच्याकडे येणाऱ्या बायका तारखेने बोलत नाहीत. त्या सांगतात, गौरी जेवल्या त्या रात्री, पोळ्याच्या आदल्या दिवशी, धाकट्याचे बारसे झाले त्यानंतरच्या सोमवारी. ही स्मरणशक्ती कच्ची नाही. पंचांग उघडले की त्यातली प्रत्येक तारीख सापडते. उलटतपासात मात्र प्रश्न येतो, “घटनेची तारीख सांगू शकता?” आणि नोंद होते, ‘घटनेची तारीख मला सांगता येणार नाही.’ युक्तिवादात त्या एका वाक्यावरून आरोप मोघम ठरतात. न्यायाधीशांनी त्याच क्षणी स्वतः विचारले की ‘कोणत्या सणाच्या सुमारास?’, तर पुढचा सगळा वाद मिटतो. असे विचारणारे न्यायाधीश मी पाहिले आहेत आणि त्यांच्यापुढे चाललेल्या जबान्या वाचल्या की फरक कळतो.

आणखी एका बाईने भिंतीवरची दिनदर्शिका आणली होती. दुधाचे खाडे, गॅसची टाकी कधी लावली, मुलाच्या शाळेची फी, हे सगळे त्या चौकोनांत पेनने लिहिलेले होते, आणि काही चौकोनांच्या कोपऱ्यात निळ्या शाईचा एक बारीक ठिपका होता. ज्या रात्री तिला घराबाहेर काढले गेले, त्या दिवशी तो ठिपका पडायचा. शब्द लिहिण्याची सोय नव्हती, कारण दिनदर्शिका स्वयंपाकघरात सर्वांच्या डोळ्यांसमोर टांगलेली होती. अकरा महिन्यांच्या पानांवर असे ठिपके होते. विरुद्ध बाजूने हरकत घेतली की हा ठिपका दुधाचा नाही कशावरून, आणि ती दिनदर्शिका निशाणी क्रमांक न मिळता, म्हणजे पुरावा म्हणून वाचली न जाता, ओळखीपुरती दप्तरात राहिली. साक्षीदाराने घटनेच्या वेळी स्वतः केलेली नोंद पाहून आपले स्मरण ताजे करावे, अशी मुभा पुरावा कायद्यात पूर्वीही होती आणि आजही आहे. तिला ती पाने हातात देऊन एकेका ठिपक्याबद्दल विचारले असते, तर ती खरे बोलते की खोटे हे उलटतपासातच उघडे पडले असते. ती संधी दोन्ही बाजूंनी गमावली.

कौटुंबिक न्यायालय कायदा १९८४ चे कलम १४ नेमके अशा वेळेसाठीच आहे. वाद परिणामकारकपणे हाताळायला मदत होईल असे न्यायालयाला वाटले, तर पुरावा कायद्याखाली एरवी ग्राह्य न ठरणारा कागद, अहवाल किंवा जबाबही ते स्वीकारू शकते. भटिंड्याच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या विभोर गर्ग प्रकरणात जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवरा-बायकोतल्या, नकळत ध्वनिमुद्रित केलेल्या संभाषणालाही वैवाहिक दाव्यात दार उघडून दिले. त्या निकालाबद्दल माझ्या मनात थोडी धास्ती आहे, कारण घराघरांत चोरून रेकॉर्डिंग होऊ लागले तर जे थोडे मोकळेपण उरले आहे तेही जाईल. पण दार उघडलेच आहे, तर त्यातून फक्त महागडे फोन आत जाऊ नयेत. भारतीय साक्ष अधिनियमाच्या (म्हणजे नव्या पुरावा कायद्याच्या) कलम ६३ खाली आता इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत जे प्रमाणपत्र लागते, त्यात पक्षकाराची सही, तज्ज्ञाची सही आणि फाइलचे हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे पडताळण्याचा संगणकीय ठसा) मागितले आहे. काच तडकलेला फोन पिशवीत घालून तालुक्याहून एस.टी.ने आलेल्या बाईला तो तज्ज्ञ कोठे भेटावा? प्रमाणपत्र जोडलेले नाही, एवढ्यावरून ते रेकॉर्डिंग कायमचे बाजूला पडू नये. ते सादर करायला वेळ आणि विधी सेवा प्राधिकरणामार्फत मदत मिळावी.

इथे एक असमानता आहे आणि तिच्याकडे माननीय मुख्य न्यायमूर्तींचे विशेष लक्ष वेधते. कलम १४ ची मोकळीक कौटुंबिक न्यायालयालाच आहे. कायद्याने दहा लाखांवर लोकवस्तीच्या शहरांसाठी असे न्यायालय स्थापणे राज्य शासनावर बंधनकारक केले, बाकीच्या भागांसाठी शासनाच्या मर्जीवर सोडले. परिणामी वांद्र्याच्या किंवा पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात जी दिनदर्शिका पुराव्यात वाचली जाऊ शकते, तीच कौटुंबिक न्यायालय नसलेल्या ठिकाणी वरिष्ठ स्तर न्यायालयापुढे साध्या पुरावा कायद्याच्या चाळणीतून जाते. कायदा तोच, लग्न त्याच विधींनी झालेले, आणि पुराव्याचे नियम पक्षकार राहतो त्या गावावर ठरतात. नवीन न्यायालयांची अधिसूचना शासन काढते हे मला माहीत आहे, पण ती उच्च न्यायालयाशी विचारविनिमय करूनच निघते, म्हणून ही विनंती आपल्याकडे करते.

यानंतरचा मुद्दा मला सर्वांत अधिक छळतो. तो माफीचा आहे.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३ प्रमाणे क्रूरता सिद्ध झाली तरी अर्जदाराने ती माफ केलेली नाही, याची न्यायालयाने खात्री करून घ्यायची असते. दास्ताने प्रकरणाचा शेवट पुष्कळांच्या स्मरणात नसतो : पत्नीने पतीला क्रूरतेने वागवल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले, तरीही त्यानंतर दोघे पती-पत्नी म्हणून एकत्र राहिले, म्हणजे त्याने माफ केले, असे ठरवून पतीचे अपील फेटाळले. मात्र त्याच निकालात हेही आहे की वैवाहिक अपराधाची माफी सशर्त असते आणि पुन्हा अपराध घडला तर जुना अपराध जिवंत होतो. पहिला भाग युक्तिवादात रोज ऐकू येतो. दुसऱ्याचा उल्लेख क्वचित होतो.

आपल्याकडे बाई सासर सोडते ती एकदाच सोडत नाही. ती माहेरी येते, चार महिने राहते, मग दोन्हीकडची वडीलधारी माणसे बसतात, ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ असे कोणीतरी म्हणते आणि तिला पुन्हा नांदायला पाठवले जाते. कधी हे पोलीस ठाण्यातल्या समुपदेशन कक्षात किंवा भरोसा सेलमध्ये घडते. तिथे नवरा कागदावर लिहून देतो, ‘यापुढे पत्नीस कोणताही त्रास देणार नाही, चांगले नांदवीन’, खाली ती लिहिते, ‘माझी आता काही तक्रार नाही’, आणि तिचा तक्रार अर्ज तिथेच बंद होऊन दप्तरी लागतो. दोन वर्षांनी न्यायालयात तिचे ते वाक्य तिच्याच पुढे धरले जाते. माझे नम्र म्हणणे आहे की तो कागद दोन्ही बाजूंनी वाचला जावा. ‘यापुढे त्रास देणार नाही’ या शब्दांत आजवर दिला, हेही आलेच. आणि ज्या अटीवर ती परत गेली ती अट मोडली असेल, तर माफी उरतच नाही. तडजोडीचा प्रयत्न करणे हे कायद्यानेच न्यायालयाचेही कर्तव्य ठरवले आहे. मग त्या सल्ल्याप्रमाणे परत गेलेल्या माणसाला परत गेल्याबद्दल दंड का व्हावा? दिराच्या लग्नातला हसरा फोटो, संक्रांतीचे हळदीकुंकू, दुसरे बाळंतपण, ही क्षमेची खूण म्हणून दाखवली जातात. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, हा वाक्प्रचार आपल्या भाषेत उगाच आलेला नाही, आणि त्या फोटोतली बाई कोणत्या मनःस्थितीत हसली होती हे फोटो सांगत नाही.

हे केवळ बायकांचे गाऱ्हाणे नाही. दास्ताने प्रकरणात दाद मागणारा नवराच होता. माझ्याकडेही नवरे येतात, आणि घरात मार खाणाऱ्या किंवा मुलांना भेटू न दिल्या जाणाऱ्या पुरुषाला तर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून ते सांगणेच जड जाते. खोटी फौजदारी तक्रार हीदेखील मानसिक क्रूरता ठरू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये के. श्रीनिवास राव प्रकरणात सांगितले, ते योग्यच आहे. लग्न मोडणारा आरोप सहज सिद्ध होऊ नये, आणि ज्याच्यावर तो होतो त्याला कडक उलटतपासाचा पूर्ण अधिकार असावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण उलटतपासात मिळालेले उत्तर पूर्ण लिहिले गेल्याने त्या अधिकाराला कोणतीही बाधा येत नाही.

आमच्या बाजूचा दोषही इथेच कबूल करायला हवा, कारण निम्मे नुकसान वकिलांच्या टेबलावर होते. ‘जाबदाराने अर्जदाराचा क्षुल्लक कारणावरून शारीरिक व मानसिक छळ केला, उपाशीपोटी ठेवले, वेळोवेळी मारहाण केली’ हा परिच्छेद मी शेकडो अर्जांत वाचला आहे. नाव बदलायचे राहून गेल्याने दुसऱ्याच बाईचे माहेर अर्जात आलेलेही पाहिले आहे. त्या मोघम परिच्छेदात पक्षकाराची खरी हकीकत बुडते, आणि ती साक्षीत प्रथम सांगू लागली की ‘हे अर्जात नमूद नाही, ही सुधारणा आहे’, म्हणजे मागाहून घातलेली भर आहे, असा आक्षेप रास्तपणे येतो. पहिल्या भेटीत तासभर बसून, सणावारांवरून तारखा काढून, एकेक प्रसंग लिहून घेतला, तर हे टळते. मी स्वतः हे शिकायला बरीच वर्षे लावली आणि त्याची किंमत माझ्या सुरुवातीच्या पक्षकारांनी मोजली. वकील संघांत याची शिकवण व्हावी, यासाठी मी माझ्यापुरती खटपट करते आहे.

न्यायालयाकडे माझे मागणे मात्र जबानीपुरते आहे, आणि त्यासाठी नवीन कायदा लागत नाही. दिवाणी न्यायालयांत जबानी साधारणपणे सलग कथनरूपाने लिहिली जाते, प्रश्न गाळून उत्तर तेवढे ठेवले जाते, आणि ‘हे खरे आहे की’ व ‘हे म्हणणे खोटे आहे की’ या दोन साच्यांत माणसाचे बोलणे बसवले जाते. ‘हो, पण’ यासाठी तिसरा साचा नाही. वास्तविक दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १८ मधील नियम १० प्रमाणे न्यायालय एखादा विशिष्ट प्रश्न आणि त्याचे उत्तर जसेच्या तसे उतरवून घेऊ शकते, स्वतःहून किंवा पक्षकाराने वा त्याच्या वकिलाने विनंती केल्यास. त्याच आदेशातील नियम १२ साक्षीदाराच्या वागणुकीबद्दल टिपण करू देतो. उत्तर देताना ती थांबली, रडली, तिने नवऱ्याकडे पाहून शब्द बदलला, हे अपिलात बसलेल्या न्यायमूर्तींना कळण्याचा तेवढा एकच मार्ग आहे. कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १५ खाली तर साक्षीचे सार नोंदवले तरी चालते. पण ‘हे बाजूलाच उभे होते’ हे वगळून त्या उत्तराचे जे उरते, त्याला सार कसे म्हणावे? ते तर उत्तराच्या नेमके उलट झाले.

म्हणून विनंती अशी की, वैवाहिक दाव्यांत इजा, समेट, माघार आणि मौन यांबद्दलचे प्रश्न उलटतपासात आले की ते व त्यांची उत्तरे प्रश्नोत्तररूपाने नोंदवावीत, आणि शेवटी जबानी साक्षीदाराला तिच्या भाषेत वाचून दाखवल्यावर ती काही दुरुस्ती सुचवत असेल, तर ती सुचवल्याची नोंद तरी व्हावी. बोर्डावर किती प्रकरणे असतात आणि एका साक्षीला किती मिनिटे मिळतात हे मी रोज पाहते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २१ब ने नोटीस बजावल्यापासून सहा महिन्यांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असे सांगितले आहे आणि आपण सारेच त्यापासून फार दूर आहोत. तरी दाव्याला एवीतेवी वर्षे लागणारच असतील, तर त्यातली दहा मिनिटे पूर्ण उत्तर लिहायला मिळावीत.

उत्तन येथील महाराष्ट्र न्यायिक अकादमीत नव्या न्यायाधीशांचे प्रशिक्षण होते. तिथे वैवाहिक दाव्यांतल्या खऱ्याखुऱ्या जबान्या समोर ठेवून, कोणत्या उत्तरातला कोणता भाग गळला आणि त्याचा निकालावर काय परिणाम झाला, असा एक पाठ घेता आला तर पाहावे. माझ्याकडच्या निकाली निघालेल्या दाव्यांतील अशा काही जबान्या, पक्षकारांच्या संमतीने आणि नाव-गाव वगळून, मी लावून ठेवल्या आहेत. आपला आदेश आल्यास त्या पाठवीन. मनगट मोडलेल्या बाईंनी त्यांची जबानी सर्वांत वर ठेवायला सांगितली आहे.

कळावे,
आपली विश्वासू,
जिल्हा न्यायालयात वैवाहिक दावे चालवणारी एक वकील